वसईची मात्रीज आणि फरशीखालची माणसे

लेखांक सातवा

मागच्या लेखांकात आपण वसईच्या तटावरून फिरलो. बुरूज, सुरुंग, चिमाजी आप्पांचा वेढा हे सारे मराठी वाचकाच्या परिचयाचे. या आठवड्यात तटाच्या आत उतरू. बंदर दरवाज्यापासून जवळच एक उंच मनोरा उभा आहे आणि त्याच्या मागे छप्पर गेलेल्या लांबलचक भिंती. हे संत जोसेफचे चर्च. पोर्तुगीज कागदपत्रांत त्याला ‘मात्रीज’ म्हणतात, म्हणजे शहराचे मुख्य पॅरिश चर्च. किल्ल्यात फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन, जेझुइट या संघांचीही चर्च होती आणि पाहुणे बहुधा तिकडेच रमतात. पण ती मठांची. बाप्तिस्मा, लग्न आणि मर्तिक या तिन्ही प्रसंगी शहरातल्या कुटुंबांना गाठणारे चर्च हेच.

गुजरातच्या बहादूरशहाने हुमायूनच्या धास्तीने डिसेंबर १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांना तोडून दिली. त्यानंतर बारा वर्षांनी, १५४६ साली, पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव याने संत जोसेफच्या नावाने इथे चर्च बांधण्याचा हुकूम दिला. आज दिसते ते बांधकाम मात्र नंतरचे. तसे इथलाच एक कोरीव लेख सांगतो: १६०१ साली, गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस असताना आणि पेद्रो गाल्वांव पेरेइरा इथले विकार म्हणजे पॅरिशचे धर्मगुरू असताना, या मात्रीजची पुनर्बांधणी झाली. मेनेझिस म्हणजे केरळच्या प्राचीन ख्रिस्ती समाजाला १५९९ च्या उदयंपेरूर धर्मसभेत रोमच्या शिस्तीत ओढणारे तेच धर्माधिकारी. वसईच्या एका चर्चच्या दगडावर त्यांचे नाव यावे, यावरून गोव्याचा हात किती लांबवर पोचत होता ते कळते.

पण मला मेनेझिसपेक्षा गाल्वांव महत्त्वाचे वाटतात, कारण त्यांची कहाणी त्या कोरीव लेखावर संपत नाही. चर्चमध्ये एक थडग्याची शिळा नोंदली गेली आहे. तिच्यावर पेद्रो गाल्वांव हे नाव आहे, ही वास्तू उभारून वाढवल्याचे श्रेय आहे, आणि १६१८ साली ते गोव्यात वारले असा उल्लेख आहे. त्यांची हाडे तिथून वसईला आणून इथे ठेवली. गोव्यात भव्य चर्चची वाण नव्हती. तरीही त्या काळी समुद्रमार्गे अस्थी आणवून त्या याच फरशीखाली ठेवाव्यात असे कुणाला तरी वाटले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात या किनाऱ्यावर भयंकर चक्रीवादळ आले. घरांची छपरे उडाली, वसईतल्या चर्चनाही तडाखा बसला. वाढवलेली मात्रीज ही अशी सुरुवातीपासूनच वाऱ्यापावसाशी झगडत होती.

फरशीत थडगी का, असा प्रश्न अनेकांना पडतो. युरोपात तेव्हा तशीच रीत होती. वेदीच्या जितके जवळ पुरले जाल, तितका तिथल्या प्रार्थनांचा आधार आत्म्याला अधिक मिळतो, अशी श्रद्धा. साहजिकच वेदीजवळची जागा पैसा आणि मान असलेल्यांना मिळे. शिळा जमिनीच्या पातळीत बसवत, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाय तिच्यावर पडत, आणि वाचणारा मृतासाठी ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना म्हणे. शेजारच्या जेझुइट चर्चमध्ये अशाच दोन विधवा बायकांची थडगी आहेत. इझाबेल द आगियार १५९१ साली वारल्या, दोना फिलिपा द फोन्सेका १६२८ साली. दोघींचीही ओळख शिळेवर ‘दात्री’ अशी आहे, आणि फिलिपाबाईंनी तर हयातीतच आपले सर्वस्व चर्चला दिले. पोर्तुगीज वसईच्या इतिहासात सेनापती आणि गव्हर्नर पानोपानी भेटतात. बायका भेटतात त्या इथे.

या फरशीत कोण नाही, तेही पाहायला हवे. तटाच्या आतली घरे मुख्यतः फिदाल्गो म्हणजे पोर्तुगीज सरदार घराण्यांची. दगड घडवणारे, गलबते बांधणारे, नारळी-पोफळी राखणारे, स्थानिक धर्मांतरित कुटुंबांतले लोक अंगणात किंवा तटाबाहेरच्या पॅरिशमध्ये पुरले गेले, आणि त्यांच्यावर कोरीव दगड क्वचितच बसला. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया हा पोर्तुगीज बाप आणि इथल्याच आईचा मुलगा. १५९७ साली नागासाकीला त्याला क्रुसावर मारले आणि १८६२ साली तो संत म्हणून घोषित झाला. वसईचे सर्वांत परिचित ख्रिस्ती नाव आज त्याचेच आहे, आणि ते कुठल्याही सरदाराच्या शिळेमुळे टिकलेले नाही.

मे १७३९ मध्ये वसई पडली. चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांना सन्मानाने, सामानसुमानासह जाऊ दिले. सरदार घराणी गेली तेव्हा मात्रीजला पोसणारे हातच गेले. चर्चच्या घंटा मराठी सरदारांनी विजयाची खूण म्हणून नेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि वाईजवळ मेणवलीच्या घाटावर त्या आजही पाहायला मिळतात. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मरियम उठावात आहे. उरलेले काम कोकणातल्या पावसाने केले. लाकडी छप्पर कोसळले की चुन्याची भिंत किती पावसाळे काढणार? पुढे इंग्रजी अमलात किल्ल्यातली जमीन ऊसलागवडीसाठी भाड्याने दिली गेली. वड-पिंपळाची मुळे सांध्यांत शिरली.

तरीही या थडग्यांचे मजकूर आपल्याला वाचता येतात, याचे मोठे श्रेय गोव्यातल्या हडफडे गावच्या डॉ. जुझे जेर्सन द कुन्हा यांना आहे. मुंबईत वैद्यकी करणाऱ्या या विद्वानाने चौल आणि वसईवरचा आपला ग्रंथ १८७६ साली प्रसिद्ध केला आणि त्यात शिलालेख उतरवून घेतले. पुरातत्त्व खात्याचे संरक्षण येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. वसईवर लिहिणारा प्रत्येकजण आजही त्यांच्याच पानांवर उभा असतो.

सरदार गेले, पॅरिश मात्र गेली नाही. पापडी, नंदाखाल, गास, निर्मळ या गावांतले ख्रिस्ती शेतकरी, कोळी, वाडवळ आणि सामवेदी तिथेच राहिले. १९९८ साली वसई स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि त्याचे कॅथेड्रल पापडीला आहे. तिथली उपासना मराठीत चालते. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. मात्रीजचे खरे वारस या गावांतले हे लोक आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि या फरशीबद्दल निर्णय होतील तेव्हा त्यांना विचारले गेले पाहिजे.

निर्णय होण्याची घाईही आहे. छपराखाली शेकडो पावलांनी जी अक्षरे झिजली नसतील, ती उघड्यावर शेवाळाने आणि लग्नाआधीच्या फोटोंसाठी येणाऱ्यांच्या बुटांनी झिजत आहेत. उतरत्या उन्हात तिरप्या प्रकाशात प्रत्येक शिळेचे छायाचित्र घेणे, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली कागदावर ठसा उतरवणे, तो द कुन्हांच्या पाठाशी ताडून पाहणे आणि मराठी भाषांतरासह शेजारी फलक लावणे, एवढे काम एका हिवाळ्यात होण्यासारखे आहे. वसईतल्या महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी पुरातत्त्व खात्याची परवानगी घेऊन ते हाती घ्यावे.

पुढच्या लेखांकात फ्रान्सिस्कन मठाकडे वळू. तिथल्या फरशीतही अशा शिळा पुष्कळ आहेत.