खाटांची गणती

2021 च्या एप्रिल महिन्यात करोनाच्या दुसऱ्या लाटेने महाराष्ट्रात हाहाकार माजविला असता, वरिष्ठांच्या परवानगीने एका सरकारी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातील पाळी मला पाहावयास मिळाली; आणि वर्तमानपत्रांतून रोज जिची संख्या छापून येत होती ती व्हेंटिलेटरची खाट वस्तुतः एका परिचारिकेच्या अखंड अवधानावर उभी असते, हे तेथे मला प्रथम नीट उमगले.

पीपीई किटच्या वेषात सर्व परिचारिका एकसारख्या दिसत, म्हणून पाठीवर मार्करने नाव लिहीत. तो वेष एकदा चढला की सहा तास पाण्याचा घोट नाही, शौचास जाणे नाही, मासिक धर्माच्या दिवसांतही सवलत नाही. कारण मध्येच किट उतरविणे म्हणजे ते वाया घालविणे व संसर्गास वाट देणे. धुके धरलेल्या गॉगलमधून आणि दुहेरी हातमोज्यांतून रुग्णाच्या सुजलेल्या हाताची शीर शोधावी लागे.

सर्वांत कष्टाचे व नाजूक काम रुग्णास पालथे निजविण्याचे. पालथेपणी फुप्फुसांचा पाठीकडील दबलेला भाग उघडतो व रक्तास प्राणवायू अधिक मिळतो, म्हणून घशात नळी घातलेल्या रुग्णास दिवसाकाठी बारा ते सोळा तास तसे ठेवीत. त्या पाळीत माझ्यासमोर डॉक्टर उशाशी नळी धरून उभे राहिले, दोन्ही अंगांस दोघी-दोघी सरसावल्या, सलाइनच्या नळ्या एका बाजूस घेतल्या गेल्या, आणि तीन म्हणताच साऱ्यांनी एकदम तो देह वळविला. त्यानंतर छाती व कटीखाली उशा देणे, पापण्यांवर पट्टी लावणे, कान दुमडला नाही ना हे पाहणे, आणि तोंडावर दाबाची जखम होऊ नये म्हणून ठरावीक वेळाने मान वळविणे, हे सारे परिचारिकांकडे.

तेवढ्यात पलीकडचा पंप वाजू लागला. रक्तदाब टिकविणारे औषध देणारी सिरिंज बदलण्यास किंचित विलंब झाला, तरी दाब झपाट्याने कोसळतो. "अगं, संपायच्या आधीच दुसरी भरून ठेव," परिसेविकेने एका नवख्या मुलीस सांगितले. ती बंधपत्रावर आलेली, नुकतीच सामान्य कक्षातून येथे तैनात झालेली. व्हेंटिलेटरवरील प्रत्येक रुग्णामागे दर पाळीस एक परिचारिका असावी, असा परिचर्याशास्त्राचा दंडक. या मुलीच्या वाट्यास तिघे होते. शिवाय नातेवाइकांस आत मज्जाव असल्यामुळे, मोबाइलवरून येणारा मुलाचा आवाज वृद्ध पित्याच्या कानाशी धरण्याचे कामही तिच्याकडेच आले होते.

यंत्रे त्या काळात तातडीने खरीदली गेली, जम्बो कोविड केंद्रांत खाटाही मांडल्या गेल्या. परंतु यंत्राचा इशारा ओळखून योग्य क्षणी हात पुढे करणारी व्यक्ती घडण्यास वर्षे लागतात. म्हणून पुढल्या साथीची तजवीज करताना सरकारी दप्तरात खाटांच्या रकान्याशेजारी दर पाळीस हजर असणाऱ्या प्रशिक्षित परिचारिकांचा रकाना असलाच पाहिजे, रिक्त पदे कायम स्वरूपात भरलीच पाहिजेत, आणि जिच्याशेजारी परिचारिका नाही ती खाट गणतीत धरता कामा नये.