राजगीरच्या मैदानावर कष्टकऱ्यांच्या लेकी

राजगीर म्हटले की आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना गृध्रकूट आठवतो, वेळुवन आठवते. बुद्धगया-नालंदा यात्रा करून आलेल्या आपल्या माता-भगिनी तिथल्या गरम पाण्याच्या कुंडांच्या गोष्टी वर्षानुवर्षे सांगतात. त्याच राजगीरला ११ ते २० नोव्हेंबर २०२४ या काळात महिलांची आंतरराष्ट्रीय हॉकी स्पर्धा झाली. आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी! भारत, चीन, जपान, दक्षिण कोरिया, मलेशिया आणि थायलंड असे सहा संघ होते.

भारताने सातही सामने जिंकले. कारकुनी सवयीने हिशेब मांडला तर जमा २९ गोल, नावे फक्त २. तेही दोन्ही कोरियाने केलेले. अंतिम सामना चीनशी, म्हणजे त्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकचे रौप्यपदक जिंकलेल्या संघाशी होता. आपल्या मुलींना तर पॅरिसचे तिकीटही मिळाले नव्हते. मध्यंतरापर्यंत गोल नाही. ३१ व्या मिनिटाला पेनल्टी कॉर्नरवर हरियाणाच्या दीपिकाने गोल केला आणि तेवढ्या एका गोलावर चषक आपला झाला. स्पर्धेत तिचे एकूण ११ गोल!

पण वाचकहो, गोलांपेक्षा या मुलींची घरे पाहण्यासारखी आहेत. कप्तान सलीमा टेटे झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यातील आदिवासी शेतकऱ्याची मुलगी. बांबूच्या काठीने खेळायला शिकली. नेहा गोयलची आई सोनिपतला सायकलच्या कारखान्यात कामाला होती. आणि आपल्या महाराष्ट्राची वैष्णवी फाळके? सातारा जिल्ह्यात, फलटण तालुक्यातील आसू गावच्या शेतकऱ्याची पोर. संघात एकही नाव बड्या घरचे म्हणून आलेले दिसत नाही. क्रिकेटच्या गलक्यात वैष्णवीचे नाव आपल्या किती घरांत पोहोचले, हे ज्याने त्याने आपल्याच घरी विचारून पाहावे.

मैदान गाजवले म्हणून जात पाठ सोडते असे मात्र नाही. हरिद्वारजवळच्या रोशनाबाद गावच्या वंदना कटारियाने ३१ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकमध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये अशी हॅट्‌ट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. तिला घडवणारे वडील दोनच महिन्यांपूर्वी वारले होते आणि सरावामुळे तिला अंत्यदर्शनही मिळाले नव्हते. ४ ऑगस्टला उपांत्य सामना भारत हरला. तेव्हा तिच्या घरासमोर फटाके फोडले गेले, संघात दलित मुली फार झाल्या म्हणून हरलो अशी जातिवाचक शिवीगाळ झाली! कुटुंबाला पोलिसांत जावे लागले. आणि वंदना? दोनच दिवसांनी कांस्यपदकाच्या सामन्यात तिने ब्रिटनवर गोल केला. पुढे २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. २०२५ मध्ये ती निवृत्त झाली तेव्हा तिच्या नावावर ३२० आंतरराष्ट्रीय सामने होते. एवढे सामने दुसरी कोणतीही भारतीय महिला खेळलेली नव्हती.

आता आपल्याकडे पाहू. विरार-नालासोपाऱ्याच्या चाळीतली मुलगी हॉकी खेळते म्हणाली, तर आई आधी अंधाराची काळजी करते, बाप स्टिकची किंमत विचारतो. दोघांचेही चुकत नाही. चर्चगेटला वानखेडेजवळ हॉकीचे टर्फ आहे, पण विरारहून ते साठेक किलोमीटर. पहाटेच्या लोकलने रोज एकटी मुलगी कशी पाठवणार? म्हणून नुसता हट्ट पुरत नाही, वसतिगृहाची सोय लागते. सिमडेग्याच्या मुलींना ती मिळाली. आपल्याकडे शासनाची क्रीडा प्रबोधिनी त्यासाठीच आहे. चाचणीतून निवड झालेल्या मुलामुलींचे राहणे, जेवण, शाळा आणि सराव तिथे एकत्र होतो. पुढे खेळाडू म्हणून नोकरीची वाटही खुली होते. भारतीय संघातल्या कितीतरी मुली रेल्वेत आहेत. आपल्या वस्तीत रेल्वेच्या नोकरीचे मोल कुणाला सांगायला नको.

दहावीपर्यंत थांबू, मग बघू, असे करू नका. निवड लहान वयातच होते. शाळेच्या पी. टी. शिक्षकांना विचारा, नाहीतर पालघरला जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करा. जन्मदाखला आणि शाळेचा दाखला मात्र आधीच काढून ठेवा. ऐनवेळी कागदासाठी अडून मुलीचे वर्ष जाते.