शिव्यांचा बंदोबस्त

वेल्ह्याहून मार्गासनी, नसरापूर करत पुणे-सातारा रस्त्याला लागलं आणि नीरा ओलांडली की खंडाळा तालुका लागतो. तिथे लोणंदच्या बाजूला सुखेड आणि बोरी ही दोन गावं आहेत आणि त्यांच्या मधून एक ओढा वाहतो. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बाया वाजतगाजत ओढ्यावर येतात, समोरासमोर उभ्या राहतात आणि एकमेकींना शिव्या घालतात. पदर खोचून, हात नाचवून, घसा बसेपर्यंत. याचं नाव ‘बोरीचा बार’. हलगीच्या कडकडाटात शब्द विरून जातात, पण हातवारे असे की अर्थ लांबूनही कळतो.

सांगतात ते असं, की एका पाटलाच्या दोन बायका होत्या, एक या गावात, एक त्या गावात. ओढ्यावर दोघींची गाठ पडली, भांडण पेटलं आणि त्यातच दोघी पाण्यात बुडून गेल्या. सवतींचं ते भांडण गावांनी सण म्हणून पुढे चालवलं आहे.

मला नवल वाटतं ते पोलिसांचं. ओढ्यात बंदोबस्त असतो, पण तो शिव्या थांबवायला नव्हे. बाया एकमेकींच्या अंगावर जाऊ नयेत म्हणून. सार्वजनिक जागी अश्लील बोलून लोकांना त्रास दिला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 296 प्रमाणे 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण इथे त्रास व्हायचा कुणाला? गर्दी तर मुद्दाम ऐकायलाच आलेली!

एरवी बाईमाणसाच्या तोंडात शिवी शोभत नाही, असं म्हणणारी हीच आपली गावं. पुरुषांना शिमगा आहे, बोंब मारायची मुभा आहे, आणि खरं तर वर्षभर कुणी त्यांना अडवतही नाही. भांडण दोन बाप्यांचं, उद्धार मात्र आई-बहिणीचा. ही खोड फार जुनी आहे, इतकी जुनी की दगडात कोरलेली सापडते.

शिलाहार-यादवांच्या काळात राजाने जमीन दान दिली की तिथे शिळा उभी करत. वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आकाशात आहेत तोवर हे दान टिकेल. मध्ये लेख. आणि खाली एक बाई आणि तिच्यावर चढलेलं गाढव: जो हे दान मोडील, त्याच्या आईची ही गत होवो. ज्याला अक्षर ओळखीचं नाही, त्यालाही चित्र पाहून धडकी भरावी. या शिळांना गधेगाळ म्हणतात. मुंबईत परळला सापडलेल्या, अपरादित्य शिलाहाराच्या बाराव्या शतकातल्या लेखाची तर कमालच आहे. बहुतेक मजकूर संस्कृत, आणि शिवी तेवढी मराठीत! राजशासनाला शिवीचा आधार लागत होता आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. आज कुठे कुठे याच शिळांना शेंदूर फासून लोक हात जोडतात.

शब्दात एवढं बळ येतं कुठून? इंग्लंडमधल्या कील विद्यापीठात रिचर्ड स्टीफन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये एक साधा प्रयोग केला. विद्यार्थ्यांना बर्फासारख्या गार पाण्यात हात बुडवून ठेवायला लावलं. एकदा आवडती शिवी घोकत, एकदा टेबलाचं वर्णन करणारा साधा शब्द घोकत. शिवी देताना हात सरासरी 40 सेकंद जास्त टिकला आणि छातीचे ठोकेही वाढले. आधी हसवणाऱ्या आणि मग विचारात पाडणाऱ्या संशोधनाला मिळणारा इग नोबेल पुरस्कार 2010 मध्ये या कामाला मिळाला, तोही शांततेचा.

2011 मध्ये त्यांनी पुढचा प्रयोग केला. त्यात दिसलं ते असं: ज्यांच्या तोंडी रोज ऊठसूट शिव्या असतात, त्यांना या औषधाचा गुण कमी येतो.