उकळूनही उरणारे नायट्रेट

विहिरीचे पाणी नितळ दिसले, चवीला गोड लागले आणि वर उकळून घेतले की आपण निर्धास्त होतो. जंतूंपुरता हा भरवसा रास्त आहे, पण नायट्रेटपुढे तो टिकत नाही. त्याला रंग नाही, वास नाही. ते तुरटीने तळाशी बसत नाही, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून जात नाही. पाणी उकळले तर वाफ तेवढी उडते आणि उरलेल्या पाण्यात नायट्रेट उलट दाट होते. म्हणूनच त्याला विहिरीत उतरण्याआधी अडवणे हाच खरा उपाय आहे.

अमेरिकेतल्या आयोवात डॉ. हंटर कॉम्ली यांनी १९४५ मध्ये विहिरीच्या पाण्यात कालवलेले दूध पिऊन निळ्या पडलेल्या तान्ह्यांची नोंद केली. तान्ह्याच्या पोटात आम्ल कमी असते, तिथले जिवाणू नायट्रेटचे नायट्राइट करतात आणि त्याने रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते. ओठ, नखे निळसर होतात, रक्त चॉकलेटी दिसते. आपल्याकडे लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४च्या अहवालात महाराष्ट्रातले ३५ टक्क्यांहून अधिक नमुने तिच्या पलीकडे होते. पालकात नायट्रेट याहून जास्त असते, मग पाण्याचीच भीती का, असे विचारले जाते. पालकासोबत क जीवनसत्त्वही पोटात जाते आणि दोन महिन्यांचे बाळ पालक खात नाही. आईच्या दुधात नायट्रेट फारसे उतरत नाही, त्यामुळे अंगावर पिणारे बाळ बचावते. धोका आहे तो बाटलीच्या दुधावरच्या बाळाला.

आरओ नायट्रेट काढते, हे खरे. पण काढलेले नायट्रेट टाकाऊ पाण्यातून पुन्हा जमिनीतच मुरते. म्हणून ते शेतातच अडवायला हवे. पण मातीत ज्याचे नायट्रेट होते तो युरिया कमी करा म्हटले की उत्पन्न घटण्याची धास्ती वाटते, आणि ज्याचे घर त्या पिकावर चालते त्याची धास्ती खोटी नाही. मात्र टाकलेल्या नत्रातले बरेचदा निम्मेही पिकाला लागू पडत नाही. मातीचे कण नायट्रेटला धरून ठेवत नाहीत, त्यामुळे पहिल्या जोरदार पावसात ते खाली झिरपते. माती तपासून तोच युरिया दोन-तीन हप्त्यांत दिला, तर वाया जाणारे नत्र शेतकऱ्याच्याच पदरात पडते. सगळा दोष शेताचाही नाही. विहिरीला लागून असलेला उकिरडा आणि चढावरचा शोषखड्डा हेही विहिरीत नायट्रेट सोडतात, आणि ते हलवायला ग्रामपंचायतीचा एक ठराव पुरतो. पाणी तपासणीच्या किटमधली नायट्रेटची नळी गर्द गुलाबी झाली, तर त्या विहिरीचे पाणी बाळाच्या दुधात घालू नका हे घरोघरी त्याच दिवशी सांगायला हवे.