चाकण भागातील शेतकऱ्यांची अलिबाग सहल : काय पहावे, काय करावे

चाकण, म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी या गावांच्या शिवारात कारखाने उभे राहिल्यापासून अनेक कुटुंबांकडे एक-दोन एकरच जमीन शिल्लक राहिली आहे. एवढ्या क्षेत्रात नुसते उत्पादन वाढवून भागत नाही. आलेला माल कोणास व कसा विकावयाचा, हाच खरा प्रश्न होय. त्याचे एक उत्तर समुद्रकाठच्या सहलीत पहावयास मिळते. तळेगाव, लोणावळा, खोपोली व पेण या मार्गाने अलिबागची दोन दिवसांची सहल सुखाने होते. विश्रांती व अभ्यास ही दोन्ही कामे एकाच खर्चात साधतात.

सहलीचा काळ

फेब्रुवारीची अखेर ते मार्चचा मध्य हा काळ सोयीचा आहे. या वेळी खेड तालुक्यातील रब्बी कांदा शेतात पोसत असतो आणि अलिबागेत पांढऱ्या कांद्याची काढणी चालू असते. निघण्यापूर्वी पाण्याची पाळी देऊन घ्यावी. घरातील स्त्रियांनाही अवश्य बरोबर न्यावे.

पहिला दिवस : कांदा व वाडी

अलिबाग तालुक्यातील कार्ले, खंडाळे, नेहुली, वाडगाव या गावांत भातकापणीनंतर त्याच खाचरात पांढरा कांदा घेतात. चवीस तो सौम्य असतो. तो पातीसह वाळवून पातीच्या वेण्या घालतात व माळा करून टांगतात. हवा खेळती राहिल्याने कांदा चांगला टिकतो. पुष्कळशा माळा रस्त्याच्या कडेसच प्रवाशांना विकल्या जातात. आपल्याकडे तोच जिन्नस पात कापून, गोणीत भरून बाजारात जातो व त्या दिवशीच्या भावावर सोडावा लागतो. दोन्ही शेतकरी कांदाच पिकवितात. परंतु एक आपला भाव सांगतो व दुसरा भाव ऐकतो. हा फरक प्रत्येकाने नीट पहावा. वेणी बांधणाऱ्या बाईंजवळ घटकाभर बसून हात कसा चालतो तेही शिकून घ्यावे.

येथे एक इशारा आवश्यक आहे. या कांद्यास भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. बियाणे चाकणला आणता येईल, नाव आणता येणार नाही. आणावयाची ती विक्रीची रीत. वाणाच्या निवडीबद्दल आपल्याच तालुक्यातील राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संचालनालयाचा सल्ला घ्यावा.

दुपारनंतर नागाव, आक्षी, चौल येथील वाड्या पहाव्यात. उंच नारळ, त्याखाली सुपारी, तिच्या आधाराने मिरवेल व मोकळ्या जागी केळ अशी एकाच जमिनीत थरांची लागवड असते. अनेक वाडीवाले घरातच पाहुण्यांच्या मुक्कामाची व जेवणाची सोय करतात. मुक्काम तेथेच करावा. राज्य शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण स्वीकारले असून नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. हा जोडधंदा आपल्या शेतावर करता येईल काय, याचा विचार यजमानाशी बोलूनच करावा.

दुसरा दिवस : समुद्र

समुद्राचा अंदाज विहिरीच्या पाण्याने करू नये. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडून मरण पावले. म्हणून भरती-ओहोटीची वेळ आधी जाणून घ्यावी. पंचांगातील तिथीस ३ ने गुणून ४ ने भागल्यास भरतीची वेळ स्थूलमानाने येते. उदाहरणार्थ, चतुर्थीस ४ × ३ = १२, भागिले ४ म्हणजे ३. त्या दिवशी पहाटे व दुपारी ३ च्या सुमारास भरती, तर सकाळी व रात्री ९ च्या सुमारास ओहोटी असते. हा केवळ अंदाज असल्याने स्थानिक कोळी बांधवांस विचारून खात्री करावी.

कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी चालत जाता येते. तथापि पाणी चढू लागण्यापूर्वीच परतावे. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असल्याने पाणी पुरेसे ओसरत नाही. तेव्हा चालत जाण्याचा बेत करू नये. ओहोटी लागली असता पाण्यात उतरू नये. एरव्हीही गुडघ्यापलीकडे जाऊ नये व मुलांचा हात सोडू नये.

परतल्यावर

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आठ दिवसांत शेतकऱ्यांची बैठक घ्यावी. प्रत्येकाने एक गुंठ्यातील कांदा पातीसह काढून, पातीने कांदे झाकून तीन-चार दिवस शेतातच सुकवावा, मग सावलीत वाळवून माळा बांधाव्यात. चाकण, भोसरी, चिंचवड येथील कामगार वसाहती हेच आपले गिऱ्हाईक. माळेस मिळालेला भाव व गोणीस मिळालेला भाव वहीत शेजारी शेजारी लिहावा, आणि वेणी बांधण्याची मजुरीही त्यात धरावी. पुढील वर्षी किती गुंठ्यांचा कांदा माळेत घालावयाचा, हे त्या वहीवरून ठरवावे.