नियम कुणी ठरवायचे? मोटोजीपीतली ओढाताण

मोटोजीपीच्या नियमांवरून कंपन्या आणि आयोजक यांच्यात जी ओढाताण झाली, ती आज आपण समजून घेऊ.

आधी दोन्ही बाजू बघू. होंडा, यामाहा, डुकाटी या कंपन्यांसाठी शर्यत म्हणजे प्रयोगशाळा. नवं तंत्रज्ञान करून बघायला मिळत नसेल, तर एवढा खर्च करायचा कशाला, असं त्या म्हणतात. डोर्ना ही आयोजक संस्था. तिला हव्यात भरपूर गाड्या आणि शेवटच्या फेरीपर्यंत चुरस. आता दोघांचंही म्हणणं बरोबरच आहे की नाही? गोची तिथेच आहे.

2007 साली इंजिनाची मर्यादा 990 वरून 800 सीसीवर आली. वेग आटोक्यात राहावा हा हेतू. झालं उलटंच. छोटं इंजिन, मोजकं इंधन, त्यामुळे सगळी मदार इलेक्ट्रॉनिक्सवर गेली. चाक किती घसरू द्यायचं, हे इंजिनाचा संगणक ठरवू लागला. खर्च वाढला. त्यात 2008 ची मंदी आली. 2009 च्या सुरुवातीला कावासाकीने माघार घेतली, 2011 संपताना सुझुकीही गेली. त्या वर्षी नियमित गाड्या उरल्या होत्या जेमतेम 17.

इथे डोर्नाने एक डाव टाकला. 2012 पासून 1000 सीसी इंजिनं आली आणि त्यासोबत 'सीआरटी' नावाचा वर्ग. म्हणजे काय, तर बाजारातल्या गाडीवर आधारलेलं इंजिन आणि खास शर्यतीसाठी बांधलेली चासी. या संघांना 24 लिटर इंधन आणि वर्षाला 12 इंजिनं. कंपन्यांच्या गाड्यांना 21 लिटर आणि 6 इंजिनं. गंमत म्हणजे, सीआरटीचं इंजिन ठरलेल्या किमतीला विकत मागायचा हक्क मोठ्या कंपन्यांना होता. उद्देश हा, की कुणी त्यात अफाट पैसा ओतू नये.

या गाड्या मागेच राहायच्या, बरं का. तरी त्यांचा उपयोग मोठा होता. 'आम्ही निघून जाऊ' या धमकीला वजन कधी असतं? समोरच्याकडे दुसरा पर्याय नसतो तेव्हा. आता मैदान भरायला पर्याय होता.

पुढचा मुद्दा सॉफ्टवेअरचा. सगळ्यांना एकच सॉफ्टवेअर, ही कल्पना होंडाला अजिबात मान्य नव्हती. स्पर्धा सोडण्याची भाषाही झाली. 2014 मध्ये 'ओपन' वर्ग आला : डोर्नाचं सॉफ्टवेअर घ्या, सवलती मिळवा. मागे पडलेल्या डुकाटीने तिकडे जायची तयारी दाखवताच नियमच बदलले, आणि न जिंकणाऱ्या कंपन्यांना सवलती देण्याची पद्धत सुरू झाली. शेवटी 2016 पासून सर्वांना एकच सॉफ्टवेअर आलं. इंजिन आणि चासीवरचं काम मात्र कंपन्यांकडे राहिलं.

परिणाम? 2011 ते 2015 सगळ्या शर्यती होंडा आणि यामाहानेच जिंकल्या होत्या. 2016 मध्ये नऊ वेगवेगळे विजेते झाले, आणि डुकाटी व परतलेली सुझुकीही जिंकली. त्या वर्षी टायर पुरवणारी कंपनीही बदलली होती आणि काही शर्यती पावसात झाल्या, हेही लक्षात ठेवू.

म्हणून आपण एवढंच म्हणू : ही तडजोड टिकली, कारण कंपन्यांकडची प्रयोगशाळा पूर्ण काढून घेतली नाही, तिची एक खोली तेवढी बंद केली.