हाय-हॅटचा स्टँड : पायाच्या अमलाखालील झांजा

ड्रमवादकाच्या डाव्या पायाशी उभा असलेला हाय-हॅटचा स्टँड म्हणजे झांजा टांगण्याची एक खुंटी, हा सर्वसाधारण समज त्या यंत्राची रचना पाहताच गळून पडतो. १९२० च्या दशकात अमेरिकेत झांजांची ही जोडी घोट्याच्या उंचीवर बसविलेली असे. पुढे स्टँडची नळी उंचावल्यामुळे ती काठीच्या टप्प्यात आली, आणि १९३० च्या दशकात काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदातील जो जोन्स यांनी ताल राखण्याचा कारभार बास ड्रमकडून मुख्यत्वे या झांजांकडे सोपविला.

पोकळ नळीच्या माथ्यावरील बैठकीवर खालची झांज उताणी ठेवलेली असते, तर नळीतून जाणाऱ्या सळईला वरची झांज ‘क्लच’ नावाच्या पकडीने जखडलेली असते. पायपट्टी दाबताच साखळी अथवा पट्टा सळईला खाली खेचतो, आणि दाब सरताच स्प्रिंग तिला पूर्वस्थितीस नेते. बैठकीखालचा लहानसा स्क्रू खालच्या झांजेस किंचित तिरपे करतो, जेणेकरून मिटताना हवा कोंडून नाद गुदमरू नये.

खरेदीच्या वेळी स्प्रिंगचा ताण कमीअधिक करता येतो किंवा कसे, हे प्रथम तपासावे. तीन पायांचा स्टँड स्वभावतःच स्थिर असतो. परंतु बास ड्रमसाठी दुहेरी पेडल वापरणाऱ्यास जागेची निकड असल्याने दोन पायांचा अथवा फिरत्या पायांचा स्टँड सोयीचा पडतो. वजनदार स्टँड जोरकस वादनात सरकत नाही, मात्र गावोगाव कार्यक्रम करणाऱ्याने तो वाहून नेण्याचे श्रमही हिशेबात धरावेत. अखेरीस स्वतःच्या झांजा चढवून, नेहमीच्या आसनाच्या उंचीवर बसून, पायपट्टी जलद व मंद अशा दोन्ही लयींत दाबून पाहावी.